वाचले आणि समजले

ठाण्याच्या नौपाड्यातल्या गुणाजीकाकांच्या फरसाणाच्या दुकानात त्या रविवारी सकाळी दोन गिऱ्हाइकं, एक मुलगा आणि एक मुलगी, एकाच वेळी काउंटरवर वाकली आणि एकाच वेळी बोलली.

"काका, बुडबुडा मधोमध नाहीये!"

गुणाजीकाका चिवड्याची पिशवी हातात धरून बघतच राहिले. चाळीस वर्षं दुकान चालवलं, चिवड्यात मीठ कमी म्हणणारे भेटले, शेंगदाणे कमी म्हणणारे भेटले, पण बुडबुड्याची तक्रार करणारं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं.

"चिवड्यात?" ते म्हणाले.

"चिवड्यात नाही हो, काट्यात," मुलगी म्हणाली.

वजनकाट्याच्या एका कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर कधी जात नाही तिथे, पाणसळीची इवलीशी काचेची डबी असते. तिच्यातला बुडबुडा गोलाच्या मधोमध असला की काटा सपाट बसलाय असं समजायचं. इथला बुडबुडा बिचारा रुसल्यासारखा एका कडेला जाऊन बसला होता. उभ्या नौपाड्यात ही गोष्ट खटकणारी माणसं दोनच असतील, आणि ती दोन्ही त्या घटकेला चिवड्याच्या बरणीपाशी शेजारीशेजारी उभी होती.

मुलाने तर काट्याच्या पायाखालचे स्क्रू फिरवायला सुरुवातही केली होती. "मला इथून दिसत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही सांगा."

"थोडं डावीकडे... अजून... अजून थोडं... अरे, फार झालं! मागे या."

"मी, की बुडबुडा?"

"दोघंही," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. अनोळखी मुलाशी असं बोलायची तिला मुळीच सवय नव्हती.

बुडबुडा गोलात आला. काकांनी पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली, तर पाव किलो चिवडा आठ ग्रॅम कमी भरला. त्यांनी मुकाट्याने एक चिमूट वाढवली आणि "कुठून येतात सकाळी सकाळी!" असं पुटपुटले. दोघांनीही ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

दुकानातून बाहेर पडून ती डावीकडे वळली, तोही डावीकडे वळला. ती दातांच्या दवाखान्याशेजारच्या जिन्याने वर चढू लागली, तर मागे त्याची पावलं. मधल्या पायरीवर ती थांबली.

"पाठलाग करताय का?"

"मी तर समजलेलो तुम्ही माझा करताय... पुढे राहून," तो म्हणाला.

दोघं एकाच ठिकाणी निघाले होते. वरच्या हॉलमध्ये त्या दिवसापासून 'पदवी मिळाली, पुढे काय?' नावाचा सहा रविवारांचा वर्ग सुरू होत होता. तरुण शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना मुलाखत कशी द्यावी, बायोडाटा एका पानात कसा बसवावा, वरिष्ठांना मेल कसं लिहावं, हे सगळं तिथे शिकवणार होते. शिकवणाऱ्या होत्या डॉ. कलावती गुप्ते. पस्तीस वर्षं संशोधनात काढून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. त्यांनी वर्गातल्या चौदा जणांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"समीकरणं तुम्हां सगळ्यांना येतात," त्या म्हणाल्या. "स्वतःबद्दल दोन मिनिटं बोला म्हटलं की मात्र घाम फुटतो. प्रयोगवहीत पानाखाली किती सह्या असतात?"

"दोन," बुडबुडावाली मुलगी म्हणाली. "एक काम करणाऱ्याची, एक साक्षीदाराची."

"आणि साक्षीदार सहीच्या वर काय लिहितो?"

"वाचले आणि समजले."

"शाबास. कौतुक नाही, टीका नाही. वाचले आणि समजले, बस्स. या वर्गात प्रत्येकाला एक साक्षीदार मिळेल. तो तुम्हाला सहा आठवडे बघेल, तुमच्याबद्दल वहीत लिहील आणि शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचेल. लिहायचं पेनने. पान फाडायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकलंच तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख." त्यांनी पानांवर आकडे छापलेल्या वह्या वाटल्या. "तुम्ही दोघं एकत्र आलात ना? मग तुम्हीच एकमेकांचे साक्षीदार."

"नाही मॅडम, आम्ही एकत्र नाही..." दोघं पुन्हा एकाच वेळी बोलले. वर्ग हसला.

तिचं नाव प्रीती सकपाळ. वय सव्वीस, राहायला कळव्याला, नोकरी कोलशेतच्या एका औषध कंपनीत. तिथल्या क्वालिटीच्या प्रयोगशाळेत ती चार वर्षं दुसऱ्यांनी बनवलेली औषधं तपासत होती. आपणही कधी एखादं औषध बनवावं, निदान बनवणाऱ्यांच्या खोलीत बसावं, एवढीच तिची इच्छा होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत नवी संशोधन प्रयोगशाळा उघडली होती आणि वर्ग संपल्यानंतरच्या बुधवारी तिथे तिची मुलाखत होती. आधीच्या दोन मुलाखतींत ती नापास झाली होती. तिसऱ्यांदाही तेच झालं तर पुन्हा अर्ज करायचं धैर्य आपल्यात उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्याचं नाव नेविल मिस्किटा. पोखरण रोडच्या मागच्या गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरातला मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. प्रयोगशाळांमधले तराजू, ज्यांना तिथे सगळे बॅलन्स म्हणतात, ते बरोबर दाखवतात की नाही हे तपासून त्यांवर हिरवा स्टिकर लावायचा, हे त्याचं काम. मधली दोन वर्षं तो तळोज्याच्या बाजूला होता, आता पुन्हा ठाण्याचा पट्टा त्याच्याकडे आला होता. त्याला सिनियर व्हायचं होतं, पण इंग्रजीत मेल लिहायचं म्हटलं की त्याची बोटं जड व्हायची.

दुसऱ्या रविवारी प्रीती स्वतःबद्दल बोलायला उभी राहिली आणि दोन मिनिटांचं भाषण अठ्ठेचाळीस सेकंदांत उरकून खाली बसली. नेविलने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस... लिहिलंत?"

"तूच बरं वाटतं," तो म्हणाला. "लिहिलं की, साक्षीदाराला नाव ऐकू आलं नाही. बाकी फरशीचं निरीक्षण उत्तम."

त्यानंतर वर्ग सुटला की दोघं तलावपाळीला जाऊन तलावाकाठच्या बाकावर बसू लागले. सरावासाठी, असं ती घरी सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. ऑगस्टचा पाऊस मध्येच भुरभुरायचा, मध्येच थांबायचा. नेविल डब्यातून घरचे फुगे आणायचा. आंबवलेल्या मैद्याचे, तळलेले, गोडसर, गोल गोल. एक फुगा तोंडात टाकून प्रीती म्हणायची, "माझं नाव प्रीती सकपाळ," आणि तो म्हणायचा, "आधी गिळ, मग सांग."

एकदा तिने त्याच्या बॅगेतली लाकडी पेटी उघडायला लावली. आत मखमलीच्या खळग्यांत चकचकीत वजनं मांडलेली होती. प्रीतीचा हात आपसूक पुढे गेला आणि तितक्याच आपसूक मागे आला.

"बरोबर," नेविल म्हणाला. "मानक वजनाला हात लावायचा नसतो. बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं."

"माहितीये. चार वर्षं चिमट्यानेच उचलतेय."

"माणसांचं पण असंच असतं का गं?"

"कसं?"

"हात लागला की... बदलतात?"

प्रीती तलावाकडे बघत राहिली. कान गरम झाल्याचं तिचं तिला कळत होतं. "तुझी पेटी भिजतेय," एवढंच ती म्हणाली. त्याने पेटी घाईघाईने बंद केली, तेव्हा तिच्या बोटांना त्याची बोटं लागलीच. दोघांनीही त्यावर काही मत दिलं नाही.

तिसऱ्या रविवारी त्याने इलेनच्या लग्नाची गोष्ट सांगितली. इलेन म्हणजे त्याची मोठी बहीण. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे उंबराचं पानी असतं. वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि पाणी भरून आणायचं.

"मी कामावर होतो. मम्मीचे फोनवर फोन, बँडवाले दारात आलेत, तू कुठे मेलायस! मी युनिफॉर्मवरच धावत आलेलो. सगळ्या पाहुण्यांच्या फोटोत मी कंपनीच्या निळ्या शर्टात नाचतोय. खिशाला दोन पेनं."

प्रीती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या संध्याकाळी कळव्याच्या घरी ती आपल्याशीच गुणगुणत ओढणीला इस्त्री करत बसली, तेव्हा तिची आई मालनताई दारात उभी राहून बघत होती.

"मुलाखत कधी आहे म्हणालीस?"

"अजून तीन आठवडे आहेत, आई."

"मग इस्त्री कुणासाठी चाललीय आत्तापासून?"

प्रीतीने इस्त्री बंद केली. आई जाताना म्हणाली, "कोण आहे त्याला एकदा घरी जेवायला बोलव. माणूस जेवताना कळतो."

चौथ्या रविवारी कलावती मॅडमनी खोट्या मुलाखती घेतल्या. प्रीती आता दोन मिनिटं बोलू शकत होती, डोळ्यांत डोळे घालून. सगळं छान चाललं होतं. मग मॅडमनी विचारलं, "कामात झालेली तुमची एक चूक सांगा."

"मी... जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे."

"हे उत्तर मी आयुष्यात सातशे वेळा ऐकलंय, आणि एकदाही खरं वाटलं नाही. खरी चूक सांगा, सकपाळ."

प्रीतीने हातातली वही मिटली. आधीच्या दोन्ही मुलाखतींत ती इथेच अडली होती. ती उठली, "सॉरी मॅडम," म्हणाली आणि बाहेर पडली. नेविल तिला तलावपाळीच्या नेहमीच्या बाकावर सापडला तेव्हा... खरं तर तीच त्याला सापडली, डोळे पुसताना.

"खरी चूक आहे," ती म्हणाली. "मोठी. ऑफिसबाहेर कुणाला सांगितली नाहीये."

तो शेजारी बसला.

"दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातला पहिला सोमवार. खोकल्याच्या औषधाची एक बॅच मी तपासली आणि ती नापास निघाली. मी तसं लिहिलं. बॅच अडवली, 'होल्ड'वर टाकली, लाइन चार दिवस बंद. गुरुवारी दुसऱ्या बॅलन्सवर पुन्हा तपासलं तर एकदम ठणठणीत पास! सगळे म्हणाले मशीनवर ढकल. मी म्हटलं, मशीनला पुरावा कुठाय? बॅलन्सवर शनिवारचा ताजा हिरवा स्टिकर होता. म्हणजे वजन मीच चुकीचं केलं. मी सही करून दिली, 'विश्लेषकाची चूक'. त्या वर्षी मला संशोधन विभागात घेणार होते. नाही घेतलं. अजून मला सगळे 'होल्ड मॅडम' म्हणतात. हसत हसत म्हणतात रे... पण म्हणतात."

नेविल फुग्यांच्या डब्याचं झाकण उघडत होता, तो मध्येच थांबला.

"कुठे होता?" त्याने विचारलं. "तो बॅलन्स."

"खिडकीपाशी. का?"

"काही नाही." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मला... निघायला हवं, प्रीती."

आणि तो निघून गेला. बाकावर फुग्यांचा डबा तसाच राहिला.

पाचव्या रविवारी नेविल आला नाही. 'या रविवारी नाही जमणार. सॉरी,' एवढाच मेसेज. आठवडाभर फोन नाही की काही नाही. आपली चूक ऐकून तो घाबरला, असं प्रीतीने ठरवून टाकलं. ज्याचं सगळं काम बरोबर की चूक ते तपासण्याचं, त्याला चुकीची मुलगी कशाला हवी? तिला राग आला आणि रागापेक्षा जास्त, खूपच जास्त, वाईट वाटलं. तिने वही उघडली आणि साक्षीदाराच्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'अवघड वेळ आली की पळून जातो.' खाली सही केली, तारीख घातली.

सहाव्या रविवारी तो त्याच जिन्यावर उभा होता. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची फाईल.

"बाजूला हो," ती म्हणाली.

"होतो. आधी हे बघ. बोलू नकोस माझ्याशी, फक्त बघ."

फाईलमध्ये दोन कागद होते. एक फोटो, बॅलन्सचा. हिरवा स्टिकर, मागे खिडकीचे गज, वर एसीची जाळी. दुसरा त्याच शनिवारचा सर्व्हिस रिपोर्ट. प्रीतीच्या नजरेला सवय होती. दोन कागद शेजारी ठेवले की तिला फरकच आधी दिसायचा.

"रिपोर्टमध्ये जागा दोन नंबरचं टेबल लिहिलीय," ती सावकाश म्हणाली. "हा फोटो खिडकीच्या टेबलाचा आहे."

"तपासणी दोन नंबरवरच केलेली. मग एसी दुरुस्त करणारे आले, टेबल रिकामं करा म्हणाले. मी बॅलन्स उचलून खिडकीपाशी ठेवला, एसीच्या वाऱ्याखाली. तिथे पुन्हा लेव्हल करायला हवं होतं, पुन्हा सगळी वजनं लावायला हवी होती. तासाभराचं काम. मी ट्रेनी होतो, एकटा होतो, आणि घरून..."

"उंबराचं पानी," प्रीती म्हणाली.

"हो. मी बुडबुडासुद्धा बघितला नाही. ऑफिसला दाखवायला फोटो काढला आणि पळालो. काही दिवसांत मला तळोज्याला टाकलं. मागे काय झालं ते मला तू सांगेपर्यंत माहीत नव्हतं, शप्पथ."

चौकशी सुरू झाली तोवर एसीचं काम संपलं होतं, बॅलन्स जुन्या टेबलावर नीट बसवलेला होता आणि अगदी बरोबर दाखवत होता. मधले चार दिवस तो कुठे होता हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. प्रीतीच्या डोळ्यांसमोर तो सोमवार उभा राहिला. मग निळ्या शर्टात नाचणारा नेविल.

"मी हसलेले त्या गोष्टीवर," ती म्हणाली. तिने फाईल मिटली. "तुला पंधरा दिवसांपूर्वी कळलं. आणि तू मला एक फोन नाही केलास?"

"भीती वाटली. तुझा आवाज ऐकला असता तर रडून माफी मागितली असती, तूही कदाचित केलं असतंस माफ, आणि तुझ्या फाईलमध्ये तेच राहिलं असतं, विश्लेषकाची चूक. तोंडी सांगून काय उपयोग? सोमवारी मॅनेजरला सांगितलं. फोटो जुन्या लॅपटॉपमध्ये होता, तळोज्याच्या गोडाउनमध्ये. मागचा रविवार तिथे गेला. शुक्रवारी तुमच्या कंपनीला पत्र गेलंय, लेटरहेडवर, माझ्या सहीचं." तो एका बाजूला सरकला. "मला तीन महिने एकट्याने कुठे जायची बंदी आहे. सिनियरचं पण राहिलं आता. ते ठीक आहे. तुझं पत्र महत्त्वाचं होतं."

प्रीतीने फाईल छातीशी धरली आणि वर गेली. वर्गात ती त्याच्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसली. राग होता, हो. दोन वर्षं उगाचच मान खाली घालून वावरल्याचा राग काही एका जिन्यात उतरत नाही. पण या मुलाने स्वतःच्या विरुद्धचा पुरावा रविवारभर धुळीत बसून शोधला, हेही तिच्या मनातून जाईना.

कलावती मॅडमनी आधी नेविलला बोलावलं. त्याने वही उघडली, एकच परिच्छेद वाचला.

"मी प्रीती सकपाळचा साक्षीदार. तिला मशीनवर ढकलता आलं असतं. पुरावा नव्हता म्हणून तिने ढकललं नाही आणि स्वतः सही केली. चूक माझी होती. तिने कधीच काही लपवलं नाही. तिला फक्त मोठ्याने बोलायचं राहिलं होतं, ते आता येतं." आणि तो खाली बसला.

मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सकपाळ?"

प्रीती पुढे गेली. पान उघडलं आणि जे होतं ते वाचलं. "अवघड वेळ आली की पळून जातो."

कुणीतरी "अरे!" म्हणालं. नेविलने मान खाली घातली.

"मॅडम, पेन?" प्रीतीने टेबलावर वही ठेवली आणि त्या ओळीवर एक रेघ मारली. एकच, सरळ, खालचं सगळं वाचता येईल अशी. मग लिहिता लिहिताच मोठ्याने वाचलं, "पळाला नव्हता. कागद आणायला गेलेला." सही केली, तारीख घातली. "झालं, मॅडम."

"ती जुनी ओळ तशीच दिसत राहणार," मॅडम म्हणाल्या.

"दिसू दे," प्रीती म्हणाली. "मला खरंच तसं वाटलं होतं."

खाली जिन्यात नेविल थांबला होता. "म्हणजे... माफ केलंस?"

"अजून चाचणी चालू आहे," ती म्हणाली. "बुधवारी सुट्टी काढ. डोंबिवलीपर्यंत एकटी गेले तर वाटेत सगळं विसरेन."

बुधवारी मुलाखतीला तीन जण होते. एकामागून एक प्रश्न येत गेले, प्रीती उत्तरं देत गेली, आणि शेवटी मधल्या बाईंनी तो प्रश्न विचारलाच. कामात झालेली तुमची एक चूक.

प्रीतीने सगळं सांगितलं. सोमवार, बॅच, सही, पत्र.

"म्हणजे चूक त्या इंजिनिअरची निघाली," बाई म्हणाल्या. "तुमची नाहीच."

इथे ती सुटली असती. ती खुर्चीत पुढे सरकून बसली.

"माझीही आहे, मॅडम. बॅलन्सवर रोज सकाळी पहिल्यांदा शंभर ग्रॅमचं वजन ठेवून बघायचं असतं. त्या सोमवारी नवा स्टिकर पाहून मी ते केलं नाही, आणि चौकशीत हे मला कुणी विचारलंही नाही. ते वजन ठेवलं असतं तर त्याची चूक मला पाच मिनिटांत सापडली असती. त्याने घाई केली, मी विश्वास ठेवला. आता मी स्टिकर कुणाचाही असो, वजन ठेवून बघते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडेचे गृहस्थ पहिल्यांदाच हसले. "आणि आता कुठे असतो तो इंजिनिअर?"

"खाली," प्रीती म्हणाली. "गेटपाशी उभा आहे. सकाळपासून."

अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. नेविल गेटसमोरच्या बदामाच्या झाडाखाली छत्री मिटून उभा होता. उघडायची आठवण राहिली नव्हती बहुतेक.

"काय झालं? बोल ना! प्रीती?"

"एक तारखेपासून या म्हणाले."

त्याने एवढ्या जोरात "येस्स!" केलं की वॉचमन खुर्चीतून उठला. मग एकदम शांत होऊन तो म्हणाला, "मला किती बरं वाटतंय ते... मला नाही सांगता येत."

"मला येतं. वर्ग कशाला केला मग?" तिने पर्समधून वही काढली, शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरली. तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'सहा रविवार निरीक्षण केलं. एका रविवारी तो आला नाही, तेव्हाही निरीक्षण चालूच होतं. निष्कर्ष: नेविल मिस्किटा मला आवडतो. फार. चूक असण्याची शक्यता तपासली. आढळली नाही.'

खाली तिची सही होती. त्याखाली एक ओळ कोरी.

नेविलने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. पावसाचा एक थेंब पानावर पडला, तो त्याने बाहीने हलकेच टिपला.

"हे केव्हा लिहिलंस?"

"वर बोलवायच्या आधी. बाहेर बसले होते तेव्हा. नोकरी मिळाली असती, नसती, निकाल हाच होता." ती हसली, पण डोळे भरून आले होते. "साक्षीदाराची सही राहिलीय. लवकर कर, भिजतंय."

त्याच्या खिशाला नेहमीप्रमाणे दोन पेनं होती. त्यातलं एक काढून त्याने लिहिलं, 'वाचले आणि समजले'. सही केली, तारीख घातली आणि वही तिला दिली.

"नेविल... ही कालची तारीख आहे."

"काय?" त्याने पाहिलं. खरंच होती. त्याचे कान लाल झाले. तो घाईघाईने आकड्यावर आकडा गिरवू लागला, तेवढ्यात प्रीतीने त्याचा हात पकडला.

"गिरवायचं नाही. एक रेघ."

त्याने एक रेघ मारली, शेजारी आजची तारीख लिहिली आणि पुन्हा बारीक सही केली. तोवर पाऊस वाढला होता, छत्री अजून मिटलेलीच होती, आणि प्रीतीने त्याचा हात सोडला नव्हता.